एमआय-१७ ची छापील चार टनांची क्षमता डोंगरात कुठे जाते?

पठारवासी (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस मनात घोळत असलेली एक शंका येथे मांडतो. एमआय-१७ व्ही-५ या हेलिकॉप्टरची माहिती कुठेही वाचली, तरी तेच आकडे समोर येतात : उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १३,००० किलो, पोटात किंवा खाली टांगून ४,००० किलो सामान, अथवा ३६ पर्यंत सैनिक. मात्र उंचावरील ठाण्यांना रसद पोहोचवणाऱ्यांच्या आठवणी वाचल्या, की त्यांत चार टन कधीच भेटत नाहीत. कुठे दहा माणसे, कुठे टनभर सामान, तर कुठे त्याहूनही कमी.

यावरून माझे असे मत झाले आहे, की एक तर छापील आकडा हा विक्रेत्याचा आकडा आहे, किंवा हे यंत्र हिमालयासाठी नव्हेच. २०१९ साली हवाई दलात चिनूक दाखल झाले. जड सामानासाठी ते आहे, अगदी उंचावरच्या चिंचोळ्या जागांसाठी चीता हे छोटे हेलिकॉप्टर आहे. मग सैनिकही नेणारे, सामानही नेणारे, जखमींनाही आणणारे हे मधले यंत्र म्हणजे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असे का म्हणू नये? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकासुर

३६ माणसे बसवण्याचा आकडा आहे, की कोंबण्याचा? उत्तरार्ध कळल्याशिवाय मी पूर्वार्धावर बोलणार नाही.

अंकगणित

आकडा खोटा नाही. तो अपुरा वाचला जातो. सरळ वजाबाकी करून पाहू. रिकाम्या यंत्राचे वजन साधारण साडेसात टन धरले, तर तेरा टनांतून साडेपाच उरतात. या साडेपाच टनांत वैमानिक व त्यांचे साहाय्यक, इंधन आणि सामान हे तिघेही भागीदार आहेत. माणसे व किरकोळ साहित्य तीनशे किलो धरा. टाक्या भरल्या तर इंधनच दोन टनांच्या आसपास जाते. उरले सव्वातीन टन, आणि तेसुद्धा समुद्रसपाटीला, सुखद हवेत. पूर्ण चार टन उचलायचे असतील तर इंधन बाराशे किलोंवर आणावे लागेल. तासाला सहाशे ते आठशे किलो इंधन जाळणाऱ्या यंत्राला बाराशे किलोंत किती लांब जाऊन परत येता येईल, हे प्रत्येकाने आपले आपण ठरवावे.

म्हणजे डोंगर लागायच्या आधीच चार टनांतला मोठा वाटा इंधन घेऊन जाते.

जुना_पंखा

अंकगणित यांची वजाबाकी योग्य आहे, पण आमच्या कामात ती उलट्या बाजूने करावी लागत असे. मी फ्लाइट इंजिनिअर म्हणून या जातीच्या यंत्रांवर बरीच वर्षे काढली. सकाळी आम्ही आधी विचारायचो, की उतरायची जागा किती उंचीवर आहे आणि आपण तेथे पोहोचू तेव्हा तापमान किती असेल. त्यावरून तक्त्यात पाहून त्या ठिकाणी अधांतरी स्थिर राहता येईल असे एकूण वजन, ज्याला आम्ही ऑल-अप वेट म्हणतो, ते निघायचे. त्यातून यंत्राचे वजन, माणसे, जाण्यायेण्याचे इंधन आणि राखीव इंधन वजा केले, की जे उरेल ते सामान. कित्येकदा उत्तर इतके लहान यायचे, की सामान घेऊन उभ्या असलेल्या सुभेदार साहेबांकडे पाहण्याचा धीर होत नसे.

एक प्रसंग सांगतो. एका ठिकाणी पोत्यांवर चाळीस किलो असे लिहिलेले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून मोजणी केली. रात्री बर्फ पडून सकाळी वितळले होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. नियमाप्रमाणे निघण्यापूर्वी जमिनीपासून थोडे उचलून इंजिनांची शिल्लक ताकद पाहतात, त्याला आम्ही कंट्रोल हॉवर म्हणत असू. त्यात काटे जिथे असायला हवे होते त्याच्या पुष्कळ वर दिसले. आम्ही पुन्हा खाली टेकलो, चार पोती वजनकाट्यावर ठेवली, आणि ती प्रत्येकी पन्नासच्या घरात निघाली. भिजलेल्या गोणपाटाने तीनशेहून अधिक किलो चोरून चढवले होते. ही चूक खालच्या तळावर सापडली म्हणून आज मी हे हसत लिहितो आहे.

सावली

जुना_पंखा काका, आपण लिहीत राहावे. मूर्ख प्रश्नाबद्दल क्षमा असावी, पण उंचीवर नेमके काय कमी होते? इंजिनाची ताकद, की पात्यांची पकड?

जुना_पंखा

दोन्ही, आणि दोन्ही एकाच वेळी. पुढचे गणित अंकगणित यांच्यावर सोपवतो. माझा हात स्पॅनरवर अधिक बसतो.

अंकगणित

प्रश्न मुळीच मूर्ख नाही. संपूर्ण धाग्याचे उत्तर त्यातच आहे. लेहचे उदाहरण घेतो. तेथील विमानतळ साधारण ३,२५० मीटर उंचीवर आहे. प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने तेथे तापमान उणे सहा अंश असायला हवे. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी ते पंचवीस अंश असेल, तर हवा तापून अधिकच विरळ होते आणि तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के उरते. प्रमाणित वातावरणात इतकी विरळ हवा ४,३०० मीटरच्या आसपास मिळते. म्हणजे नकाशा काहीही म्हणो, हेलिकॉप्टरच्या लेखी दुपारचे लेह हे सकाळच्या लेहपेक्षा कितीतरी उंच असते. पहाटे लवकर उड्डाणे उरकण्याची धडपड असते, तिच्यामागे दुपारच्या वाऱ्यांइतकेच हेही एक कारण आहे.

आता पात्यांकडे वळू. एमआय-१७ च्या मुख्य रोटरचा व्यास २१.२९ मीटर, म्हणजे चकतीचे क्षेत्रफळ साधारण ३५६ चौरस मीटर. तेरा टन अधांतरी तोलायचे तर समुद्रसपाटीला या चकतीतून हवा सेकंदाला बारा मीटर वेगाने खाली ढकलावी लागते. हवा विरळ झाली की तेवढेच वजन तोलायला ती अधिक वेगाने ढकलावी लागते; आपल्या लेहच्या दुपारी तो वेग पंधरा मीटरवर जातो. केवळ वजन तोलण्यासाठी लागणारी शक्ती त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढते. आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनालाही विरळ हवाच मिळत असल्यामुळे त्याची ताकद घटलेली असते. खर्च वाढला आणि त्याच महिन्यात पगार कापला गेला, असा हा प्रकार आहे. यातून सुटण्याचा मार्ग एकच : वजन कमी करणे.

शंकासुर

पगाराची उपमा वाचून डोळे पाणावले. ३६ माणसांचे उत्तर मात्र अजून कोणी दिलेले नाही.

नकाशेवाला

शंकासुर, मी देतो. एमआय-१७ हे एमआय-८ चेच सुधारित रूप. एमआय-८ च्या मूळ रूपात बाजूच्या घडीच्या आसनांवर २४ सैनिक बसत. पोटातील जागा साधारण ५.३ मीटर लांब, २.३ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच आहे. व्ही-५ मध्ये आसने वाढवून छत्तीसपर्यंत नेता येतात, पण शस्त्र, दारूगोळा, थंडीचे कपडे आणि पाठपिशवी धरून एक जवान शंभर किलोंच्या पुढे जातो. त्यामुळे डोंगरात आसने संपण्याच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा संपते. बसण्याचाच आकडा आहे, पण तो सपाट प्रदेशातल्या लोकांचा आहे.

आता धागाकर्त्यांच्या ‘मधल्या यंत्रा’च्या मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध नोंदवतो. या यंत्राची खरी किंमत त्या रिकाम्या पोटात आहे. याच्या आधीच्या एमआय-४ मध्ये भले मोठे पिस्टन इंजिन नाकात बसवलेले होते आणि वैमानिक त्याच्या वर, माडीवर बसल्यासारखे बसत. एमआय-८ मध्ये दोन टर्बाइन इंजिने छपरावर गेली, वैमानिक पुढे खाली आले आणि मागच्या दारापर्यंत सरळ मोकळी खोली मिळाली. तीत आज सैनिक बसतात, उद्या आसने दुमडून पेट्या ठेवल्या जातात, परवा बारा स्ट्रेचर लावता येतात. १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या या आराखड्याची १२,००० हून अधिक यंत्रे पुढे बनली, ती काही उगाच नव्हे.

मेघनाकाठ

नकाशेवाला यांनी एमआय-४ चा उल्लेख केला म्हणून लिहितो. डिसेंबर १९७१ मध्ये आशूगंजजवळचा मेघना नदीवरील पूल माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याने उडवला होता. नदी प्रचंड रुंद. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरपुढे थांबणे हाच सरळ पर्याय दिसत होता. त्यांनी ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांकडून ९ डिसेंबरपासून सैनिक पलीकडे उतरवायला सुरुवात केली, आणि हे काम रात्रीही चालू राहिले. एकेका यंत्रात डझन-दीड डझन माणसे, पण फेरी छोटी आणि न थांबणारी. ते यंत्र आजच्या मापाने दुबळेच होते. तरी ढाक्याचा रस्ता त्याने मोकळा केला. ‘मधले यंत्र कशाला’ या प्रश्नाला माझे उत्तर म्हणजे तो नदीकाठ.

अर्धविराम

मेघनाकाठ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. फेऱ्यांवर अवलंबून राहण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतील जाफना विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ मधून कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवण्याचा प्रयत्न झाला. शत्रू, म्हणजे एलटीटीईचे तमिळ बंडखोर, वाटच पाहत होता. हेलिकॉप्टरांवर इतका मारा झाला, की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि शीख लाइट इन्फंट्रीचे जे तीस जवान तोवर उतरले होते ते एकटे पडले. त्यांपैकी एकच वाचला. मेघनेवर फेऱ्या चालू शकल्या कारण उतरण्याच्या जागी विरोध नव्हता. एका खेपेत किती माणसे उतरतात हा प्रश्न, विशेषतः पहिल्या खेपेत, जीवनमरणाचा असतो. तेव्हा पठारवासी यांची शंका इतक्या सहजासहजी निकालात काढू नये.

मेघनाकाठ

मान्य. विरोधाचा मुद्दा मी गाळला होता.

पठारवासी

अर्धविराम यांचे आभार. माझ्या बाजूने कोणीतरी बोलले. मग सरळ मोठेच यंत्र का नको? चिनूक दहा टन उचलते, एमआय-२६ तर वीस.

नकाशेवाला

कारण ते टेकणार कुठे? चिनूकचे दोन रोटर धरून लांबी तीस मीटर होते, आणि एमआय-२६ चा एकच रोटर बत्तीस मीटरचा आहे. डोंगराच्या सोंडेवर हाताने सपाट केलेली जागा पुष्कळदा त्याच्या निम्मीही नसते. शिवाय मोठ्या यंत्राखालचा वारा तंबू, पत्रे आणि माणसे यांचा मुलाहिजा ठेवत नाही.

तरीही चिनूकचे काम एमआय-१७ करू शकत नाही, हेही तितकेच खरे. एम-७७७ ही हलकी म्हणवली जाणारी तोफसुद्धा ४,२०० किलोंच्या घरात आहे, म्हणजे एमआय-१७ च्या छापील मर्यादेच्याही वर. त्यामुळे तोफ न्यायची तर चिनूकच. पण तोफ रोज न्यायची नसते. रॉकेल, पीठ, टपाल आणि रजेवरून परतणारे जवान रोज न्यायचे असतात.

सावली

टांगून नेण्याविषयी कोणी सांगेल का? आत जागा असताना बाहेर का टांगतात?

जुना_पंखा

सावली, दोन कारणे. पहिले म्हणजे दारातून न जाणाऱ्या वस्तू : पुलाचे भाग, लांब तुळया, झोपड्यांचे तयार सांगाडे. दुसरे म्हणजे उतरायला जागाच नसेल, तर यंत्र न टेकवता सामान ठेवून निघता येते. परंतु टांगलेले ओझे हे टांगलेल्या माणसासारखे असते. ते स्वतःचे मत राखून असते. जड आणि आटोपशीर वस्तू शांत राहते. हलकी आणि पसरट वस्तू, उदाहरणार्थ पत्र्यांचा गठ्ठा, वाऱ्यात झोके घेऊ लागते, आणि तो झोका वर यंत्रापर्यंत पोहोचतो. वेग कमी करूनही ती ऐकत नसेल, तर वैमानिक ती सोडून देतो. त्यासाठीच हूक बटणाने उघडता येतो.

खाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल लोक कमी बोलतात. फिरत्या पात्यांमुळे यंत्रावर स्थिर विद्युत साठते, म्हणून हुकाला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या सळईने तो शांत करावा लागतो. एका नव्या मुलाने घाईत हात घातला आणि झटका बसून तो मागे बसला. त्याला इजा झाली नाही, पण त्यानंतर सळईबद्दल त्याला कधी सांगावे लागले नाही.

शंकासुर

स्वतःचे मत राखणारे ओझे आमच्या कार्यालयातही आहे. बटणाचा हूक तेवढा हवा होता.

वारकरी_यंत्रांचा

ब्लॅक हॉकचा विषय निघेल म्हणून थांबलो होतो, तो कोणी काढला नाही. त्या यंत्राची तुलना येथे उद्बोधक ठरेल. व्हिएतनाममध्ये ‘ह्यूई’ हेलिकॉप्टरांवर जे बेतले, त्या अनुभवावरून अमेरिकी लष्कराने नवे यंत्र मागवले, आणि १९७४ साली ब्लॅक हॉकचा पहिला नमुना उडाला. त्यात अकरा सुसज्ज सैनिक बसतात. आदळल्यास धक्का सोसणारी आसने आणि चाकांचे दांडे, गोळी लागूनही फिरत राहणारी पाती, यांवर त्यात मोठा भर आहे. मात्र ते सी-१३० विमानाच्या पोटात मावावे अशी अट असल्यामुळे त्याची आतली उंची जेमतेम १.३७ मीटर राहिली. सैनिकाला त्यात वाकून वावरावे लागते, तर एमआय-१७ मध्ये तो जवळजवळ उभा राहू शकतो. एकाने सैनिकांची तुकडी हे माप धरले, दुसऱ्याने मालमोटार. दोन्हींना ‘बहुउद्देशीय’ म्हणतात, पण उद्देशांचा क्रम वेगळा आहे.

माझे मत विचाराल तर गोळीबारात उतरायचे असल्यास मी ब्लॅक हॉकमध्ये बसेन, आणि पूर आलेल्या गावातून बाहेर पडायचे असल्यास एमआय-१७ मध्ये.

अर्धविराम

यात कारगिलची भर घालावी लागेल. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर अग्निबाण डागायला गेलेल्या एमआय-१७ तुकडीतील एक यंत्र खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि त्यातील चौघेही कामी आले. क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या यंत्रावर नव्हते. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून एमआय-१७ मागे घेण्यात आले. मालवाहू यंत्राला लढाऊ करता येते, पण त्या उंचीवर त्याच्याकडे चपळाईसाठी लागणारी शिल्लक ताकदच उरत नाही. ‘एक यंत्र, अनेक कामे’ या कल्पनेची मर्यादा मला तरी तेथे दिसते.

जुना_पंखा

अर्धविराम, या विषयावर मी फार लिहू शकत नाही. आपण लिहिलेत ते बरोबर आहे.

सावली

चीताबद्दल धाग्याच्या सुरुवातीला उल्लेख होता. ते इतके लहान असून सर्वांत उंच कसे जाते?

अंकगणित

लहान असूनही म्हणण्यापेक्षा, हलके असल्यामुळे. त्याचा मूळ फ्रेंच आराखडा ‘लामा’ म्हणून ओळखला जातो. २१ जून १९७२ रोजी जाँ बुले यांनी ते १२,४४२ मीटरपर्यंत नेले. तेथे इंजिन विझले, आणि ते पाती केवळ वाऱ्यावर फिरवत संपूर्ण अंतर खाली उतरले. उंची गाठण्याचा विक्रम असा होतो. उपयोगी ओझ्याचा तेथे प्रश्नच नसतो. सियाचीनच्या सर्वांत वरच्या ठाण्यांवर चीता कित्येकदा एखाददुसरा रॉकेलचा डबा घेऊन जाते. चार टनांचा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या डब्याकडेही पाहावे. चीतालाही छापील क्षमता आहेच, आणि तीही वाटेतच विरघळते.

पठारवासी

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. विक्रेत्याचा आकडा हा आरोप मी मागे घेतो. मात्र एक गोष्ट अजून उलगडत नाही. अधांतरी स्थिर राहायला एवढी ताकद लागत असेल, तर स्थिर राहूच नये. विमानासारखे पुढे धावत उतरावे. मग जास्त ओझे नेता येईल की नाही?

जुना_पंखा

पठारवासी, येथे तुम्ही मुद्द्याला हात घातलात. होय, तसे करतातच. पुढे गती मिळाली, साधारण चाळीस किलोमीटर वेगाच्या आसपास, की रोटरला सतत ताजी हवा मिळू लागते आणि ताकदीची गरज झपाट्याने उतरते. म्हणून धावपट्टी असेल तेथे एमआय-१७ चाकांवर धावत उठते आणि धावत टेकते, व अधांतरी जे उचलले नसते ते सहज नेते. जमिनीलगतही थोडी मदत मिळते. रोटरच्या व्यासाच्या निम्म्या उंचीपेक्षा खाली आले, की खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि यंत्राला आधार देते.

पण धावायला जागा हवी, आणि आधार द्यायला सपाट जमीन हवी. सुळक्यावरच्या हेलिपॅडवर तुमची हवा कड्यावरून खाली सांडते आणि तो आधार निम्म्याहून कमी होतो. खालच्या तळावरून धावत उठून भरपूर ओझे घेऊन निघाल, इंधन जळून थोडे हलकेही व्हाल, आणि पोहोचाल तेव्हा कळेल, की येथे थांबता येत नाही. म्हणून मी आधी सांगितले, की हिशेब उतरायच्या जागेपासून मागे करावा.

पठारवासी

म्हणजे चार टन लेहला निघतातही आणि ठाण्यावर पोहोचत नाहीत, असे?

जुना_पंखा

चार टन लेहहून निघतच नाहीत. ठाण्याला जितके झेपेल तितकेच लेहला चढवतात. उरलेले दुसऱ्या खेपेला.

शंकासुर

आणि पोती कोरडी आहेत ना, हे पाहून.